हैदराबादेत उतरायचं कुठे?

मराठवाड्यातून हैदराबादला जाताना स्वस्त खोली पाहून शहराबाहेर उतरणं आम्हांला पटत नाही. वाचलेले पैसे रिक्षात जातात, अम्मीचे गुडघे दुखतात ते वेगळंच. म्हणून आम्ही नामपल्ली किंवा आबिड्सच बघतो. रेल्वे स्टेशन जवळ, मेट्रोही आहे, चारमिनार साधारण पाच किलोमीटर. मुलांना चारमिनारच्या अगदी शेजारीच राहायचं असतं; पण तिथली गर्दी रात्री उशिरापर्यंत हटत नाही, रमजानात तर विचारूच नका. खोली ठरवण्याआधी फोन करून विचारा: लिफ्ट चालू आहे का, आणि पलंगाशेजारी मुसल्ला अंथरायला जागा उरते का? फोटोत प्रत्येक खोली मोठीच दिसते! सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं. त्या दिवशी मक्का मशिदीत जुम्मा पढा, म्युझियम शनिवारी बघा.