शत्रूचे मर्म आणि शत्रूचे कवच

वसंत व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेत 'व्हिडिओ गेममधील लढाई' हे शब्द वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, त्यांना आम्ही दोष देत नाही. परीक्षा संपल्या की घरातील मुले मोबाइल घेऊन कोपरा धरतात आणि जेवायला चार हाका माराव्या लागतात, हा अनुभव आम्हांलाही आहे. पण त्या कोपऱ्यात काय चालते ते एकदा शेजारी बसून पाहिले आणि आमचे मत थोडे बदलले. निदान एका जातीच्या खेळात मुले नुसती बटणे बडवीत नसतात. ती कोष्टके पाठ करीत असतात, आणि तीही कोणी न सांगता.

ही जात म्हणजे 'रोल-प्लेइंग गेम'. खेळणारा एखाद्या योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेतो आणि आळीपाळीने वार होतात. या खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. त्यात 'ट्रोल' नावाचा एक राक्षस असे. त्याला कितीही तोडा, जखमा आपोआप भरून येत. मात्र आगीने किंवा आम्लाने झालेली जखम भरत नसे. ज्याला हे ठाऊक नाही तो तलवार चालवून दमतो, ज्याला ठाऊक आहे तो पलिता पेटवतो. शत्रूचे मर्म आणि शत्रूचे कवच ही कल्पना तेव्हापासून या खेळांत आहे.

हिशेब कसा चालतो ते एका उदाहरणाने पाहू. जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या 'पोकेमॉन' या खेळात प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन गुणधर्म असतात: अग्नी, जल, वनस्पती, खडक, वीज इत्यादी. सुरुवातीलाच 'ओनिक्स' नावाचा प्रचंड दगडी सर्प आडवा येतो. तो खडकही आहे आणि भूमीही. पाण्याचा वार खडकावर दुप्पट बसतो, भूमीवरही दुप्पट बसतो. म्हणून ओनिक्सवर चौपट. अग्नीचा वार निम्मा. विजेचा वार शून्य. आता सोयीसाठी आपण असे धरू की शत्रूचे प्राण १२० आहेत, आपला साधा वार ४० चा आहे आणि पहिला हात आपला आहे. साध्या वाराने तो तीन घावांत पडेल आणि मधल्या वेळात आपल्याला दोन घाव सोसावे लागतील. निम्म्या वाराला सहा घाव लागतील, म्हणजे त्याचे पाच आपल्यावर. चौपट वाराने तो पहिल्याच फटक्यात संपेल आणि आपल्या अंगावर ओरखडाही उठणार नाही. नवखा खेळाडू दुसऱ्याची किती हानी झाली तेवढेच पाहतो. मुरलेला खेळाडू आपल्यावर किती घाव येणार ते मोजतो, आणि खरा फरक तिथे पडतो.

आपल्याकडे हे ज्ञान नवीन नाही. अग्न्यस्त्रावर वरुणास्त्र, नागास्त्रावर गरुडास्त्र ही जोडी कीर्तन ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण या बाबतीत हिरण्यकशिपूची कथा आम्हांला सर्वांत मार्मिक वाटते. वाळवे तालुक्यात कृष्णाकाठी कोळे नरसिंहपूर आहे, तिथे देवदर्शनाला गेलेल्यांनी ती कथा आठवावी. मनुष्याकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. व्हिडिओ गेमच्या भाषेत ही शून्यांची यादी आहे. असुराने ती इतकी बारकाईने लिहून घेतली की तिच्यातील फटी त्या यादीनेच दाखवून दिल्या: संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखे आणि अर्धा नर अर्धा सिंह. कवचाचे वर्णन नीट वाचले की मर्म सापडते.

वाचायचे कसे, हा पुढचा प्रश्न. 'फायनल फँटसी' या मालिकेत शत्रूची परीक्षा करणारा एक मंत्र असतो, काही भागांत त्याचे नाव 'लिब्रा'. तो म्हटला की शत्रूचे प्राण आणि उणिवा पडद्यावर येतात. पण त्यासाठी आपली एक पाळी खर्ची पडते. त्या पाळीत वार करता येत नाही, उलट खावा लागतो. उतावळा मुलगा ती पाळी वाचवतो आणि लढाई घालवतो. 'शिन मेगामी टेन्सेई' या मालिकेच्या तिसऱ्या खेळात (२००३) तर नियम आणखी कडक आहे. मर्मावर घाव बसला तर जादा पाळीचा लाभ होतो, आणि ज्या वाराला शत्रू अभेद्य आहे तो केला तर हातच्या पाळ्याही जातात. चुकीच्या अंदाजाची एवढी रोख किंमत शाळेतही कोणी वसूल करीत नाही.

ऐकीव माहितीचेही एक गमतीचे उदाहरण आहे. पहिल्या पोकेमॉनमध्ये एक पात्र सांगते की मनःशक्तीचे प्राणी भुतांना भितात. प्रत्यक्षात कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या चुकीमुळे भुताचा वार त्या प्राण्यांवर शून्य होत असे! सांगणाऱ्यावर विसंबून भूत पुढे करणाऱ्या मुलांची काय गत झाली असेल ते सांगायला नको.

आता हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात खऱ्या रणात कसा सुटला ते पाहू. १६५९ साली अफझलखान वाईला येऊन बसला, तेव्हा त्याचे बळ घोडदळात, तोफांत, हत्तींत होते. मोकळ्या मैदानात त्या बळावर वार करणे म्हणजे ओनिक्सवर वीज सोडणे. शिवाजीमहाराजांनी ते टाळले. ते प्रतापगडावर गेले आणि खानाला जावळीच्या खोऱ्यात येणे भाग पडेल अशी बोलणी लावली. खानाकडून कृष्णाजी भास्कर आला. महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले, आणि त्यांनी खानाच्या गोटातील खरा हेतू काढून आणला. ती परीक्षेची पाळी होती. रानात, घाटात, पारच्या अरुंद जागेत घोडा हे बळ राहिले नाही, तोफ ओझे झाली. १० नोव्हेंबरला भेटीच्या वेळी महाराजांच्या अंगात चिलखत होते. म्हणजे समोरचा कुठला वार करील याचाही हिशेब झालेला होता. किल्ल्यावरून तोफेची इशारत झाली आणि झाडीत दबा धरलेले मावळे खानाच्या फौजेवर तुटून पडले.

इथे खेळ आणि युद्ध यांच्यातला भेद ध्यानात येतो. खेळात ओनिक्स जिथे भेटेल तिथे पाण्याला दुबळाच. त्याचे मर्म त्याच्या जातीवर छापलेले असते. खानाची तीच फौज वाईच्या मैदानात दुर्जय होती आणि जावळीत हतबल. तिचा गुणधर्म जागेने बदलला. आणि माणसे तर जातीच्या कोष्टकात मुळीच बसत नाहीत. खानाच्या बाजूला खंडोजी खोपडे होता, महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, आणि कान्होजी जेधे आदिलशाही फर्मान येऊनही महाराजांकडे आले. नाव आणि कूळ पाहून माणूस कुठल्या वाराला दुबळा हे ठरवणारा त्या दिवशी फसला असता. मुलांच्या हातात हा खेळ देताना आम्हांला काळजी वाटते ती एवढ्याच गोष्टीची. वार करण्यापूर्वी पाहावे ही सवय चांगली. पण समोरच्याची जात कळली की सगळे कळले, ही सवय पडद्यावरच राहिली पाहिजे.

आणखी एक कोष्टक आहे, आपले स्वतःचे. ते पाहायला साताऱ्याबाहेर जायला नको. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला आणि करंजे येथे स्वतःचा तळ दिला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. कड्याच्या खडकापुढे तोफांचे फारसे चालेना, म्हणून मोगलांनी सुरुंग खणले. वेढ्यातही मर्म होते: पश्चिमेच्या बाजूला असलेल्या आझमशहाने किल्ल्यात जाणाऱ्या धान्याकडे काणाडोळा केला, असे ग्रँट डफच्या इतिहासात आहे. १३ एप्रिल १७०० रोजी सुरुंग उडाले. पहिल्याने तट आत कोसळला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले. ते जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेर, चढाईसाठी सज्ज उभ्या असलेल्या मोगलांवरच कोसळला. त्यात सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली असे सांगतात. भगदाड पडले तरी हल्ल्याने किल्ला गेला नाही. पण मार्चमध्येच सिंहगडावर राजाराममहाराजांचे निधन झाले होते, किल्ल्यातला दाणागोटा सरत आला होता. २१ एप्रिलला बोलणी होऊन किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला, आणि बादशहाने त्याला 'आझमतारा' हे नाव दिले.