नागांचं रहस्य आणि आईपासून लपवलेलं मूल

तीन लेकरं असलेल्या घरात मधल्याचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. थोरल्याचं कौतुक करून झालेलं असतं, धाकटं लाडात असतं आणि मधलं बिचारं आपलं आपण वाढत राहतं. तीन भागांच्या कादंबरीतल्या दुसऱ्या भागाचंही नेमकं तसंच असतं. पहिल्याची नवलाई त्याच्याकडे नसते, तिसऱ्यासारखा शेवटही त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून बरेच वाचक दुसरा भाग म्हणजे मधला मुक्काम समजून भराभर उरकतात. पण मैत्रिणींनो, अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेतलं मधलं पुस्तक तसं उरकू नका. मला तर तिन्हींमध्ये तेच जास्त आपलं वाटलं.

नाव आहे ‘नागांचे रहस्य’. मूळ इंग्रजी पुस्तक 2011 च्या ऑगस्टमध्ये आलं. त्याआधी 2010 मध्ये मेलुहाचा पहिला भाग आणि नंतर 2013 मध्ये वायुपुत्रांच्या शपथेचा तिसरा. तिन्ही भाग मराठीतही आहेत. लेखक मुंबईचे, कोलकात्याच्या आयआयएममध्ये शिकलेले आणि कित्येक वर्षं बँक-विम्याच्या नोकरीत असलेले. पहिलं पुस्तक घ्यायला प्रकाशक तयार होईनात, तेव्हा त्यांनी आपल्या एजंटच्या मदतीनं ते छापलं आणि पहिलं प्रकरण वेगळं छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटायला ठेवलं. साडीच्या दुकानदारानं दारातच एक घडी उलगडून दाखवावी, तसंच की! लोकांनी ते प्रकरण वाचलं आणि पुढे काय म्हणून पुस्तक विकत घेतलं.

‘पुढे काय?’ ही ओढ आपल्याला काही नवी नाही. पोथी ऐकत वाढलेल्या बायका आपण. शेगाव आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे गजानन विजयचे एकवीस अध्याय कितीजणींना तोंडपाठ असतील, मोजायलाच नको. हिंदीत तर देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ लिहिली आणि लोकांनी इतकी उचलून धरली, की पुढच्या पिढीची गोष्ट सांगायला त्यांनी ‘चंद्रकांता संतती’ चोवीस भागांत लिहिली. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं म्हणतात. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ आणि तो भुवया उडवणारा क्रूरसिंह आठवत असेलच.

आता पहिला भाग न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. (हो, आणि पुढे मी रहस्य फोडणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी पुरवणी बाजूला ठेवून आधी पुस्तक मिळवावं.) या कथेतला शिव देव नाही. तो मानसरोवराच्या काठी राहणाऱ्या एका टोळीचा नायक आहे. मेलुहा नावाच्या श्रीमंत, शिस्तीच्या राज्यात तो येतो. तिथलं सोमरस नावाचं औषध पोटात जाताच त्याचा गळा निळा पडतो आणि लोक त्याला संकटातून सोडवणारा नीळकंठ मानू लागतात. तिथली राजकन्या सती. तिचा नवरा वारलेला, मूल पोटातच गेलेलं. अशा बाईला मेलुहात ‘विकर्म’ म्हणतात. मागच्या जन्मीचं पाप भोगणारी. तिला कोणी शिवायचं नाही. शिव ही रीत मोडून काढतो आणि तिच्याशी लग्न करतो. शेवटी अयोध्येत एक बुरखाधारी नाग सतीच्या अंगावर चालून येतो आणि पुस्तक संपतं! भाग दुसरा येईपर्यंत वाचकांनी दीड वर्षं कशी काढली असतील, कोणास ठाऊक.

दुसऱ्या भागात त्या नागाचा माग निघतो. काशी, मग पूर्वेकडचा ब्रंगांचा देश, मग दंडकारण्य. लढाया आहेत, जहाजं आहेत, दर वर्षी येणारी रोगाची साथ आणि तिच्यावरचं गुप्त औषध आहे. पण हे सगळं बाजूला ठेवा. मला सांगायचंय ते वेगळंच.

मेलुहात एक गाव आहे, मायका. नाव बघा! राज्यातल्या गरोदर बायकांनी बाळंतपणाला तिथंच जायचं. सोबत ना आई, ना सासू, ना नवरा. बाळ झालं की ते तिथंच ठेवून परत यायचं. जन्मावरून कोणी उच्च-नीच ठरू नये म्हणून केलेली ही व्यवस्था, हेतू चांगला. पण वाचताना पोटात कालवतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, आईच्या हातचं न्हाणं. आणि इथं मायका नावाच्या गावातून बाई रिकाम्या ओटीनं परत येते.

सतीचं मूल याच मायकात ‘मेलेलं’ जन्माला आलं होतं. नव्वद वर्षं (तिथं सोमरसामुळे माणसं फार जगतात) ती स्वतःला पापी समजत राहिली. आणि या भागात तिला कळतं, की मूल मेलंच नव्हतं. ते व्यंग घेऊन जन्मलं होतं, हत्तीसारख्या चेहऱ्याचं. मेलुहाच्या कायद्यानुसार अशी मुलं ‘नाग’ ठरतात आणि त्यांना राज्याबाहेर पाठवून देतात. तिचा बाप दक्षराजा, त्याला सगळं माहीत होतं. मुलगा गेला असं त्यानंच तिला सांगितलं. एवढंच नाही, सतीला एक जुळी बहीणही होती, खांद्यांवर जास्तीचे हात घेऊन जन्मलेली. तिलाही असंच गुपचूप देऊन टाकलेलं. ती म्हणजे काली, नागांची राणी. आणि अयोध्येत सतीवर चालून आलेला तो बुरखाधारी म्हणजे तिचाच मुलगा गणेश. आईनं आपल्याला टाकलं, असंच तो जन्मभर समजत आलेला.

हे वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं.

आपल्याकडच्या कथेत पार्वती अंगाच्या मळाचा गणपती करते, शिवाला तो ओळखू येत नाही आणि तो त्याचं मस्तक उडवतो. हरतालिकेपासून गौरी-गणपतीपर्यंत आपण ती किती वेळा ऐकली असेल! लेखकानं त्याच कथेचा धागा उचलला आहे. गणेश आईचा आहे, शिवाचा नाही. शिव त्याला आपल्या मित्राचा खुनी समजतो. सती त्याला घरात आणते, तेव्हा शिव घर सोडून जातो. आणि सती? ती मुलाच्या बाजूनं उभी राहते. रडारड नाही, भाषण नाही. नवरा चुकतो आहे असंही ती म्हणत नाही. फक्त मुलाला सोडायला तयार होत नाही. धाकटा कार्तिकही त्या सोंडेच्या दादाचा इतका लळा लावून घेतो, की बघत राहावं. (आपल्याकडे बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन एरवी घ्यायचं नसतं, पण या बाळाचं खुशाल घ्या.)

आता नकाशा उघडा. या कादंबरीत नर्मदेच्या दक्षिणेकडे नागांचा मुलूख. त्यांची राजधानी पंचवटी, गोदावरीच्या काठी. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, दक्षिणेला गोदावरी, मध्ये कोण? आपण! जळगाव जामोद, नांदुरा, खामगाव, चिखली, मेहकर, सगळे नागलोकात. ज्यांना बघायचं नाही, शिवायचं नाही, त्यांच्या मुलखात आपलं घर. हे लक्षात आलं तेव्हा आधी हसू आलं, मग जरा वेळानं लोणार आठवलं. तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ आणि लवणासुराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. विष्णूनं दैत्य मारला, इतकंच. दैत्याच्या घरचं कोणी विचारत नाही. पहिला भाग वाचताना नाग असेच दैत्य वाटतात. दुसऱ्या भागात लेखक आपल्याला त्यांच्या अंगणात नेऊन बसवतो.

पण गोष्ट कल्पनेतली आहे म्हणून सुटका नाही. आमच्या भिशीत या पुस्तकावर बोलणं निघालं, तेव्हा एकजण म्हणाली, “अवो, आपल्या इकडं नाही का? पाहुणे आले की त्या पोराला मागच्या खोलीत नेतात.” कोणी काही बोललं नाही. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर एकेक घर आलं असणार. थोरल्या मुलीचं स्थळ मोडू नये म्हणून दाखवण्याच्या कार्यक्रमाला शेजारच्या घरी नेऊन ठेवलेली धाकटी. फाटलेल्या ओठाचं बाळ पदराखाली झाकून फिरणारी आई. “ग्रहणात भाजी चिरली असशील,” असं तिलाच ऐकवणारी माणसं. ती सतीच्या विकर्मापेक्षा वेगळी कुठे आहेत?

खरं तर या झाकाझाकीत बाळाचंच नुकसान होतं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी होते. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचं छिद्र यांवरचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, त्यातून मोफत होतात. पण तपासणीच्या दिवशी मूल घरातच लपवलं, तर डॉक्टर तरी काय करणार? 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. आपल्या मुलाला काय आहे ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे, तर त्याला हक्काचं काही मिळेल.

आणि काली? तिची गोष्ट तर आपल्याला जास्तच झोंबायला हवी. जुळ्या मुलींतली एक ठेवली, एक नाहीशी केली. सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात, जिजाऊंचा जन्म इथला. दर 12 जानेवारीला तिथं केवढी गर्दी लोटते. त्याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 855 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, 2001 मध्ये, 908 होत्या. त्या दहा वर्षांत आपण शिकलो, दुचाकी चालवायला लागलो, बचत गट काढले... आणि मुली त्रेपन्नानं कमी झाल्या. दक्षाला निदान मूल जन्मल्यावर निर्णय घ्यावा लागला होता.

ब्रंगांच्या देशातली रोगाची साथ कशामुळे येते, याचं उत्तर दुसऱ्या भागात मिळत नाही. त्यासाठी तिसऱ्यापर्यंत थांबावं लागतं. तेही सांगून टाकते. ज्या सोमरसानं मेलुहाची माणसं शंभर-दीडशे वर्षं तरुण राहतात, तो तयार करताना उरणारं विष नदीत जातं. वर राहणाऱ्यांना आयुष्य आणि खाली पाणी पिणाऱ्यांना रोग. पाप मागच्या जन्मीचं नाही, पाण्याचं! पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या, संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या बायकांना हे समजायला वेळ लागणार नाही. तिथलं खारं पाणी निसर्गाचं आहे, कोणी कारखान्यातून सोडलेलं नाही, एवढा फरक. पण पिढ्यान् पिढ्या ते पाणी पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या आजारानं माणसं गेली, की अजूनही कोणीतरी म्हणतंच, “त्याच्या नशिबात होतं.”

कौतुक पुरे, आता तक्रारीही सांगते. पुस्तकात योगायोग फार आहेत. ज्याला शोधायचं तो नेमका वळणावर भेटतो. हाणामारीची वर्णनं इतकी लांब, की मी चक्क पानं उलटली. चार हजार वर्षांपूर्वीचा शिव मधूनच कॉलेजातल्या पोरासारखा बोलतो, तेव्हा दाताखाली खडा येतो. आनंदमयी आणि सेनापती पर्वतेश्वराचं प्रेम गोड आहे, पण एखाद्या मालिकेत शोभावं असं. आणि शेवट? पुन्हा ऐन रस्त्यावर सोडून दिलंय! पंचवटीच्या शाळेत शिव शिरतो आणि समोर मुलांना शिकवत उभा असतो तो... जाऊ द्या, एवढं एक तरी राखून ठेवते.

देवाला माणूस केलं, हे अनेकींना खटकतं. माझ्या सासूबाई श्रावणात सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात, आयुष्यभर वाचत आल्या. त्यांना मी ही कथा भीतभीतच सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. गणेशाला सतीनं जवळ घेतल्याचं ऐकल्यावर म्हणाल्या, “मंग बरोबर आहे. माय हाय ती.” शिवाचं काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही.

सतीचं पुढे काय होतं, ते आपल्याला पुराणातून ठाऊक आहे. दक्षाचा यज्ञ, नवऱ्याचा अपमान, पेटलेल्या कुंडात उडी. तिसऱ्या भागात ती मरते खरी, पण कुंडात उडी घेऊन नाही. बापानं शांततेच्या नावाखाली रचलेल्या कपटात ती एकटी सापडते आणि हातात तलवार घेऊन शेवटच्या श्वासापर्यंत लढते. शेवट आधी माहीत असूनही ती पानं मी सावकाश वाचली.

तिन्ही भाग क्रमानंच वाचावे लागतात, मधूनच दुसरा उचलला तर काही कळणार नाही. तालुक्याच्या वाचनालयात पहिला भाग बहुधा सापडतो, दुसरा नेहमी कोणीतरी नेलेला असतो. नाव नोंदवून ठेवा. तोवर पहिला वाचून होईल, आणि घरातली नववी-दहावीतली पोरगी तुमच्या आधी दुसरा पळवणार, हेही धरून चाला.