गिचचा माळ

सिमिएनच्या कड्यावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी सौ.ला म्हणालो, "अगं, हा तर आपला कोकणकडा!" इथिओपियाच्या उत्तरेला, सव्वातीन हजार मीटर उंचीवर येऊन या माणसाला हरिश्चंद्रगड आठवावा, याचं तिला हसू आलं. पण मी अगदीच चुकलो नव्हतो. सह्याद्री काय आणि हे डोंगर काय, दोन्ही लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेले. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा तीन कोटींच्या आसपासचा. धाकटा भाऊच म्हणायचा. मात्र धाकट्यानं उंचीत थोरल्याला पार मागे टाकलंय. आपली कळसूबाई १६४६ मीटर, तर इथलं रास दाशेन साडेचार हजारांच्या वर!

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही गेलो होतो. गोंदरहून शंभरेक किलोमीटरवर दबार्क हे गाव, तिथं उद्यानाची कचेरी. पैसे भरले की एक बंदूकधारी रक्षक बरोबर देतात. जेवणाची मात्र धास्ती होती. पण त्यांचा नाताळ ७ जानेवारीला आणि त्याआधीचे चाळीसेक दिवस भाविकांना मांस-दूध वर्ज्य! परातीएवढ्या आंबोळीसारखी इंजेरा आणि तिच्यावर शिरो. शिरो म्हणजे तिखट पिठलंच हो. सौ.नं दोनदा मागून घेतलं.

सांकाबेरच्या माळावर गेलाडा माकडांचा मोठा कळप चरत होता. चरतच होता, कारण यांचं मुख्य अन्न गवत. छातीवर लालभडक, बिनकेसांचा पट्टा, नरांना सिंहासारखी आयाळ. दोन्ही हातांनी गवत उपटण्याचा चरचर आवाज शांततेत स्पष्ट ऐकू येतो. रात्री हे सगळे कड्याच्या कपारींत झोपायला उतरतात.

दुसऱ्या दिवशी गिचला निघालो. सौ. खेचरावर, मी हट्टानं पायी, दर वीस पावलांवर धापा टाकत. वर पोचलो तर सोनेरी गवताचा अफाट माळ, त्यात पुरुषभर उंचीच्या लोबेलिया. आणि मध्येच दगडांचे ढीग, चौकोनी आखल्यासारखे. इथं २०१६ पर्यंत गाव होतं.

सिमिएन १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आलं आणि १९९६ मध्ये 'धोक्यातला वारसा' ठरलं. गुरं फार, जवाची शेती उतारावर चढत चाललेली, आणि वालिया हा रानबोकड तर जगात फक्त याच डोंगरांत. शेवटी गिचची चारशेहून अधिक कुटुंबं दबार्कला हलवली. राजीखुशीनं, असं कागद सांगतात. २०१७ मध्ये धोक्याचा शिक्का पुसला गेला. गवत परत आलं, हे तर मी डोळ्यांनी पाहत होतो.

आमचा रक्षक एका ढिगाजवळ थांबला. वाटाड्या म्हणाला, "याचं घर." चूल कुठं, गुरं कुठं, हे त्यानं बंदुकीच्या नळीनं दाखवलं. मोबदला मिळाला का, मी विचारलं. मिळाला. मग? घर बांधण्यात गेला, उरलेला खाण्यात. "जवसुद्धा विकत आणतो," तो म्हणाला.

१९८८ साली मी एका धरणाजवळच्या शाखेत होतो. बुडणाऱ्या गावांचे मोबदल्याचे धनादेश यायचे. मार्चअखेरचं ठेवींचं उद्दिष्ट डोक्यावर. मी स्वतः लोकांच्या ओसरीवर बसून मुदत ठेवीचे अर्ज भरून घेतले. "तात्या, पैसा वाढेल, काळजी नको." दोन वर्षांत त्यातल्या बहुतेक ठेवी मुदतीआधीच मोडल्या. कुणी लेकीच्या लग्नाला, बरेचसे नुसता किराणा भरायला. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं जायचं, ती वजाबाकीही मीच करायचो. वालियाला दुसरीकडे जागा नाही, हे मला पटतं. पण तात्यांचा चेहरा त्या माळावर काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

उतरताना वाटाड्या म्हणाला, "हा विचारतोय, भारतात तुम्ही काय काम करता?"

"पुस्तकं लिहितो," मी म्हटलं. बँकेचं सांगितलं नाही.