घरातील वीजतारांची निरोधन-परीक्षा

विद्युत्प्रवाहाने नेमून दिलेला मार्ग सोडू नये म्हणून तारेवर रबर, पी. व्ही. सी. यांसारख्या द्रव्याचे आवरण असते. त्यास निरोधन म्हणतात. कोणतेही निरोधन परिपूर्ण नसते. त्यातून अत्यल्प प्रवाह झिरपतच असतो. या झिरप्यास होणारा विरोध म्हणजे निरोधनाचा रोध होय. तो मेगोहममध्ये, म्हणजे दहा लक्ष ओहमच्या एककात, मोजतात.

मापनाचे उपकरण ‘मेगर’ या नावाने ओळखले जाते. हे नाव इंग्लंडमध्ये १९०३ साली नोंदले गेले. घरातील तारांना त्याद्वारे ५०० व्होल्टचा एकदिश दाब देतात. तत्पूर्वी मुख्य स्विच बंद करून दिवे व उपकरणे काढावी लागतात, आणि बटणे चालू ठेवावी लागतात. एखादा तंतूचा दिवा जागेवर राहिला, तर फेज व न्यूट्रल यांमधील मापन जवळजवळ शून्य येते आणि निर्दोष तारांवर दोषाचा आरोप होतो. ही परीक्षा परवानाधारक तारतंत्र्यानेच करावयाची असते.

अंक किती असावा? भारतात दीर्घकाळ वापरात असलेला नियम असा: ५० ला पॉइंटांच्या संख्येने भागावे, येईल तितके मेगोहम पुरेत, मात्र संपूर्ण घरासाठी एकाहून अधिक मेगोहमची सक्ती नाही. भागण्याचे कारण उघड आहे. प्रत्येक पॉइंट ही झिरप्याची एक स्वतंत्र वाट असते, आणि वाटा वाढल्या की एकूण रोध घटतो.

यामुळेच एकट्या अंकावरून निर्णय करणे योग्य नव्हे. समजा, एका घराचे मापन ०·४८ मेगोहम आले. मंडले सुटी करून मोजता दोहोंचा रोध प्रत्येकी २० मेगोहम आणि तिसऱ्याचा ०·५ मेगोहम भरला. तिसरे वगळताच उरलेल्यांचा रोध १० मेगोहम होतो. म्हणजे सारे घर जीर्ण झालेले नसून दोष एकाच ठिकाणी आहे. बहुधा तेथे ओल शिरलेली किंवा आवरण सोललेले आढळते.

पावसाळ्यात ओल्या भिंतीमुळे अंक उतरतो व भिंत वाळल्यावर पुन्हा चढतो. ओल ओसरल्यावरही जो अंक दरवर्षी ५० वरून २०, २० वरून ३ असा घसरत जातो, तो मात्र आवरणाचा ऱ्हास दर्शवितो. म्हणून प्रत्येक मापनाची तारीख व हवामानासह नोंद ठेवणे हितावह असते.

या परीक्षेची उपेक्षा धोक्याची का? २३० व्होल्टच्या दाबाखाली रोध ५०,००० ओहमपर्यंत उतरला, तर सुमारे ४·६ मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही लागत नाही. ३० मिलिअँपिअरचे गळतीरक्षक यंत्रही त्याने तुटत नाही; परंतु हा झिरपा एकाच ओल्या जागी साठला की ती जागा तापते, करपते, आणि वाट अधिकच रुंद होते. तेथून आग किंवा विजेचा प्राणघातक धक्का फार दूर नसतो.

तथापि, उत्तम अंक म्हणजे संपूर्ण सुरक्षितता नव्हे. भूतार तुटलेली असली किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसविलेले असले, तरी मेगर समाधानकारक अंकच दाखवितो. त्या दोषांसाठी निराळ्या परीक्षा आहेत, आणि त्यांवाचून घराची तपासणी पूर्ण होत नाही.