तिरप्या दोरीचा पाठ

शहाद्याला लागूनच असलेल्या लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं शैक्षणिक संकुल आहे. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालयही त्यातच. बी.पी.एड.च्या दोन वर्षांत स्वतःला खेळता येऊन भागत नाही. शाळेतल्या मुलांवर सराव पाठ घ्यावे लागतात. हातात पाठ टाचण, गळ्यात शिट्टी आणि कडेला वही उघडून बसलेले निरीक्षक.

अशा वेळी होऊ घातलेले पीटीचे सर हटकून आदेश पद्धत धरतात. सावधान, विश्राम, एक ते आठ आकडे. रांग सरळ दिसते, गोंगाट नसतो. कवायतीला, लेझमीला हे हवंच. भालाफेकीत तर सगळ्यांचे भाले पडून सरांनी सांगेपर्यंत कुणी पुढे पळता कामा नये; तिथे मुलांचं मत विचारणं म्हणजे जिवाशी खेळ.

पण सगळंच आदेशावर शिकवायचं का? मस्का मोस्टन यांनी १९६६ साली ‘टीचिंग फिजिकल एज्युकेशन’ या पुस्तकात अध्यापनशैलींचा पट मांडला. पुढे सारा अॅशवर्थ यांच्यासोबत तो अकरा शैलींपर्यंत गेला. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: निर्णय कोण घेतं, सर की मूल?

खो-खोत जोड्या लावून पाहा. एक मूल बसतं-उठतं, दुसरं कार्ड बघून तपासतं: खो मिळायच्या आधीच उठला का? शेजाऱ्याच्या उलट दिशेला तोंड होतं का? सर चूक सांगतात ती तपासणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. या भागात वर्गात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलणारी मुलं एकत्र असतात. प्रमाण मराठीतला आदेश ज्याला उशिरा कळतो, त्याला जोडीदार घरच्या बोलीत चटकन समजावतो. माझ्या मते इथल्या मैदानाला हीच शैली सर्वांत जवळची.

आणि उंच उडीची दोरी. ती आडवी धरली की न जमणारी मुलं आधी बाद होतात. ज्यांना सराव हवा, तीच बसून राहतात. मोस्टन यांनी दोरी तिरपी धरली. एक टोक गुडघ्याशी, दुसरं छातीशी. कुठून उडायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. बाद कुणीच नाही, आणि जमलं की मूल आपणहून उंच टोकाकडे सरकतं. खर्च शून्य. फक्त हा पाठ कडेवरून विस्कळीत दिसतो, आणि निरीक्षकांनी शिस्तीचे गुण सरळ रांगेलाच द्यायचे ठरवलं, तर प्रशिक्षणार्थी दोरी पुन्हा आडवीच धरणार.