एकाची बाकी दुसऱ्याच्या नावे

वहीतील सर्वांत वाईट चूक कोणती, असे एखाद्या जुन्या मुनिमास विचारावे. तो बेरजेची चूक सांगणार नाही, कारण ती ताळा घेताना सापडते. एकाची बाकी दुसऱ्याच्या खाती मांडली गेली, की मात्र ताळेबंद बिनचूक जुळतो आणि चूक वर्षानुवर्षे दडून राहते. ज्याने माल नेलाच नाही, त्याच्या दारी तगादा जातो. पूर्वग्रह ही अशाच प्रकारची चूक होय. कोणा एकाच्या वर्तनाची बाकी त्याच्या जातीच्या, धर्माच्या वा प्रांताच्या दुसऱ्याच माणसाच्या नावे आपण लिहून ठेवतो आणि आपला हिशेब चोख आहे, असे समाधानही मानतो.

पूर्वग्रह वाईट, याविषयी आमच्या सभासदांत दुमत होणार नाही. मतभेद होतो तो अमुक एक वागणूक पूर्वग्रहाची की केवळ आवडीनिवडीची, हे ठरविताना. घरात वरचा मजला रिकामा होतो, भाडेकरू शोधावयाचा असतो. वडील म्हणतात, “शाकाहारी कुटुंबच हवे.” महाविद्यालयात जाणारी कन्या म्हणते, “बाबा, हा भेदभाव झाला.” वडिलांना ते जिव्हारी लागते. आयुष्यात कोणाचे वाईट चिंतिले नाही, मग हा ठपका कशाला? त्या रात्रीचे जेवण अबोल्यातच होते. हा प्रसंग घरोघरचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

त्याचा विचार करण्याचे कारण आमच्याच शहरात घडले. २०२५ साली सिकंदराबादच्या मोंडा मार्केट परिसरात गाडी उभी करण्यावरून भांडण झाले. सराफी व्यापाऱ्यांनी एका दलित तरुणास मारहाण केल्याचा आरोप झाला आणि ऑगस्ट महिन्यात ‘मारवाडी गो बॅक’ ही घोषणा तेलंगणात पसरली. बंदच्या हाकाही दिल्या गेल्या. मारहाण ज्यांनी केली असेल त्यांचा न्याय कायद्याने करावा, यात शंका नाही. परंतु त्या घोषणेच्या तोंडी गुजराती, कच्छी, राजस्थानी, मराठी असा भेद राहिला नाही. तीन पिढ्या इथलीच भाकरी खाल्लेल्या, तेलुगू व दख्खनी बोलीत व्यवहार करणाऱ्या दुकानदारासही आपण परके ठरलो, असे वाटले. बाकी कोणाची आणि तगादा कोणाकडे, असे आपल्यापैकी अनेकजण त्या दिवसांत म्हणाले. ते योग्यच होते.

तथापि त्या घोषणेमागे एक गाऱ्हाणेही होते. बाहेरून आलेला व्यापारी नोकरसुद्धा आपल्याच मुलखातून आणतो, मग स्थानिक तरुणाने जावे कोठे, हा प्रश्न रास्त आहे. गाऱ्हाणे खरे असू शकते आणि त्याच वेळी घोषणा अन्यायाची असू शकते, ही गोष्ट या शहराने पूर्वीही अनुभवली आहे. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुल्की, म्हणजे संस्थानात जन्मलेल्या वा दीर्घकाळ राहिलेल्या लोकांसाठी राखल्या होत्या. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर बाहेरचे कर्मचारी आले आणि असंतोष वाढला. सप्टेंबर १९५२ मध्ये ‘गैरमुल्की गो बॅक’ अशा घोषणा झाल्या. ‘इडली सांबार गो बॅक’ अशीही एक आरोळी होती. सिटी कॉलेजजवळ गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. नोकरीची मागणी न्याय्य होती, पण इडलीने कोणाची नोकरी घेतली होती? गाऱ्हाणे पदार्थावर घसरले, तेव्हाच ते माणसाच्या कृत्यावरून उठून त्याच्या जन्मावर जाऊन बसले होते.

मुल्की कोण आणि परका कोण, ही रेघही फार चंचल आहे. १९५२ साली औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, म्हणून तेथून सुलतान बाजारात येऊन पेढी घातलेला मराठी माणूस पक्का मुल्की होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि त्याच माणसाचे गाव एका रात्रीत परप्रांत झाले. तो स्वतः जागचा हललाही नव्हता!

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला व तो आसपासच्या मुलखात पसरला. कर्जाचे डोंगर, दुष्काळी शेती आणि जमीन गिळणारी कागदपत्रे ही त्याची खरी कारणे होत. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे जाळले गेले, पण माणसांच्या जिवावर सहसा कोणी उठले नाही. इथवर ते गाऱ्हाणेच होते आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करून सरकारनेही ते एका परीने मान्य केले. परंतु चौकशी आयोगास असे दिसून आले की जेथे ब्राह्मण व इतर जातींचे सावकारही तोच धंदा करीत होते, तेथेही बहुधा मारवाडी व गुजर सावकारांनाच उपद्रव झाला.

आमच्या मते पूर्वग्रह ओळखण्याची कसोटी इथे हाती येते. कृत्य तेच ठेवावे, केवळ माणूस बदलावा आणि पाहावे की आपली वागणूक बदलते काय. बदलत नसेल तर तो नियम, आवड वा गाऱ्हाणे असू शकेल. बदलत असेल तर त्यास पूर्वग्रहाखेरीज दुसरे नाव नाही. विद्वानांनीही हीच कसोटी वापरली आहे. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज धाडले गेले. फरक फक्त नावांचा होता. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावास बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावास तर एक-तृतीयांशच. अर्ज चाळणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःस पूर्वग्रही म्हणवून घेतील? बहुधा एकही नाही.

आता हीच कसोटी स्वतःस लावण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. शाकाहारी भाडेकरूच हवा, ही अट घालणाऱ्या वडिलांची बाजू अगदीच लंगडी नाही. घरी वृद्ध माता आहे, साधुसाध्वी गोचरीस येतात, अहिंसा हे त्या घरचे व्रत आहे. व्रत पाळणे म्हणजे कोणाचा द्वेष करणे नव्हे. पण पुढचा प्रश्न टाळता येणार नाही. उद्या एखादे मुसलमान वा दलित कुटुंब आले आणि “आम्ही या घरात मांस शिजविणार नाही” असे वचन देऊ लागले, तर आपण किल्ली देऊ काय? आणि आपल्याच नात्यातला मुलगा बाहेर सर्व काही खातो हे ठाऊक असून त्यास आपण खोली देतो काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असेल, तर अट ताटाची नसून आडनावाची आहे. तिला व्रताचे नाव देणे हा व्रताचाच अवमान होय.

कायदा येथे पुरता मार्गदर्शक नाही. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत केवळ धर्म, जात वा जन्मस्थान यांवरून कोणासही अडविण्यास मनाई केली आहे. दुकानाच्या उंबरठ्यावर म्हणून प्रश्न मिटतो. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवण्याचा अधिकार मान्य केला. यावरून एवढेच समजावे की कायद्याने चालणारी प्रत्येक गोष्ट शोभणारी असतेच असे नाही.

२०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातील काही मेजे केवळ शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली. काही विद्यार्थ्यांनी तेथे मांसाहार करून निषेध केला व दंड ओढवून घेतला. एका पक्षास ती साधी सोय वाटली, दुसऱ्यास विटाळाची जुनी पंगत दिसली. दोघेही प्रामाणिक होते. ज्याच्या आजोबांना पंक्तीतून उठविले गेले, त्याला मेजावरची पाटी निराळी वाचता येते, हे पहिल्या पक्षाने समजून घ्यावयास हवे. प्रत्येक शाकाहारी मनुष्य विटाळ मानीत नाही, हे दुसऱ्याने. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आम्हांस तरी हे जड जाऊ नये.

“आमच्या मनात तसे काही नव्हते,” हे उत्तर आपण नेहमी देतो. पेढीवर हमालासाठी वेगळा पेला असतो, नोकरीस आलेल्या मुलास आधी “कुठले तुम्ही? आडनाव काय?” असे विचारले जाते, नि यामागे खरोखरच दुष्टबुद्धी नसते. ते चालत आलेले असते, इतकेच. परंतु आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना द्वेषाचे नव्हे, प्रमादाचे नाव घेतले आहे. बेसावधपणाने झालेली इजाही हिंसाच होय. मग आपला हेतू शुद्ध होता एवढ्यावर खाते बंद करता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतातील जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे शंभरांत अर्धाही नाही. इतक्या थोड्यांना न्यायाची गरज इतरांहून अधिक असते. तो मागावयाचा, तर आधी आपल्या उंबऱ्याच्या आत दिलेला असावा. सभासद बंधुभगिनींनी यंदा एवढे करावे: पेढीवर एक जागा रिकामी झाली तर ती इथल्या एखाद्या तरुणास दाखवावी, पेले सारखे करावेत आणि घराच्या अटी स्पष्ट शब्दांत, सर्वांस सारख्या सांगाव्यात.

संवत्सरीच्या दिवशी आपण जाणता-अजाणता घडलेल्या अपराधांची क्षमा मागतो. बहुतेक ‘मिच्छामि दुक्कडं’ आप्तेष्टांच्या व गिऱ्हाइकांच्या घरी जातात. अजाणता झालेले अपराध मात्र बहुधा ज्यांचा पत्ताही आपल्यापाशी नाही, त्यांच्याच बाबतीत घडलेले असतात: किल्ली न देता परत पाठविलेल्या कुटुंबाच्या, आडनाव ऐकून बाजूस ठेवलेल्या अर्जाच्या. त्यांची बाकी आमच्या वहीत कोणत्या पानावर आहे, हे या वर्षी शोधून पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.