बुजवलेल्या विहिरीचे पाणी

सिकलसेलमध्ये बिघाड जनुकातल्या एका अक्षराचा असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. मग प्राणवायू सोडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. मोखाड्यात नागली कापणाऱ्या हाताला विळ्याचा आकार वेगळा सांगावा लागत नाही. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच जगते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य कळा आणते.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिलेला ‘कॅसजेव्ही’ हा उपचार चूक दुरुस्त करतो, असा समज आहे. प्रत्यक्षात चूक जागच्या जागी राहते. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटा साखळीच नसते. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचे प्रथिन ते बनणे जवळजवळ थांबवते. उपचारात या प्रथिनाचाच रक्तपेशींतला पहारा सैल केला जातो. नव्या विहिरीला मचूळ पाणी लागले म्हणून बुजवलेली जुनी विहीर उकरावी, तसा हा प्रकार.

ही विहीर १९४८ साली जॅनेट वॉटसन या ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दाखवली होती. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळापेशी फारच कमी दिसतात, हे त्यांनी टिपले आणि त्याचे श्रेय गर्भातल्या हिमोग्लोबिनला दिले. ज्या जनुकीय कात्रीने हा पहारा सैल होतो, तिच्यासाठी शार्पोंतिए आणि डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले, ते योग्यच. पण वॉटसन म्हटले की अजूनही डीएनएवाला वॉटसनच आठवतो.

आपल्याकडे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजाराचे रुग्ण शोधले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचे, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्यांचे, प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळते.

कॅसजेव्हीसाठी रुग्णाच्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत बदलतात, केमोथेरपीने हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी शिरेतून परत देतात. चाचणीत ३१ पैकी २९ रुग्णांना निदान सलग वर्षभर वेदनांचा तीव्र झटका आला नाही. अमेरिकेतली किंमत मात्र २२ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत जाहीर झालेले ‘बिरसा १०१’ हे याच आजारावरचे देशी जनुकीय तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले आहे. त्याचा गाजावाजा रुग्णांवरच्या चाचण्यांआधीच झाला.

मोखाड्यातल्या सूर्यमाळच्या पाड्यावरून जव्हारचे रुग्णालय गाठणे हाच एक प्रवास असतो. तिथल्या रुग्णाच्या आवाक्यातले औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरियाची रोजची गोळी. तीही त्याच जुन्या विहिरीचे थोडे पाणी वर आणते, फक्त अधूनमधून रक्त तपासत राहावे लागते.

कॅसजेव्हीत बदलतात त्या मज्जेतल्या पेशी. बीजपेशी तशाच राहतात. त्यामुळे बरा झालेला रुग्णही सदोष जनुक प्रत्येक अपत्याला देतो, आणि दोन वाहकांच्या लग्नात प्रत्येक गरोदरपणी बाळाला हा आजार होण्याची चारात एक ही शक्यता कायम राहते.